दगडाबाईचा ओटा

मुबारकबीच्या मांडीवरचं सूप घसरलं आणि त्यातली तंबाखू उतारावरून ओघळत थेट गटारीच्या कडेपर्यंत गेली.

"या अल्ला!" म्हणत ती सूप धरायला वाकली, तर बुडाखालचं पोतंच सरकलं आणि ती स्वतःही हातभर खाली आली. खालच्या अंगाला बसलेली रुपाली तिला थोपवायला गेली, तर रुपालीच्या मांडीवरची कापलेली पानं उडाली. मग मात्र सगळ्याजणींना हसू आवरेना.

"घसरगुंडी केली गं दगडे तुझ्या लेकानं," मुबारकबी डोळे पुसत म्हणाली. "आता विड्या वळायच्या का बालवाडीतल्या पोरांवानी खेळायचं?"

दारात खुर्ची टाकून बसलेली दगडाबाईही हसली. तिच्यापुढे वॉकर उभा होता. ऑपरेशननंतर मांडी घालून बसायला डॉक्टरांनी कायमची मनाई केली होती, त्यामुळे ती खुर्चीत, सूप मांडीवर आणि बायका पायाशी, असा बेत तिने चाकणला असल्यापासूनच मनात मांडून ठेवला होता. फक्त पायाशी आता ओटा नव्हता. स्टीलचा चकचकीत कठडा लावलेला, दारापासून सुरू होऊन भिंतीच्या कडेकडेने गल्लीत उतरणारा सिमेंटचा उतार होता.

बायकांनी आपल्या परीने खटपट केली, हे सांगायला हवं. आधी पोत्याखाली विटा लावून पाहिल्या. मग आडव्या तोंडाने बसून पाहिलं, तर एक कुल्ला वर आणि एक खाली, त्याने कंबर धरली. रुपालीने तर उताराच्या पार टोकाला बसून पाहिलं, पण तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची चाकं तिच्या सुपाला लागत होती. विडी वळणाऱ्या बाईचं पोट बोटांवर चालतं. बोटं थांबली की सगळंच थांबतं, आणि हसण्यात अख्खी सकाळ गेलेली कुणाला परवडणार?

शेवटी रुपालीच म्हणाली, "मावशी, आजच्या दिस आमच्या ओट्यावर बसतो. दोन दिस. मंग बघू कायतरी."

"आत बसा की घरात," दगडाबाई म्हणाली खरी, पण बोलताबोलताच तिला कळलं की ते होण्यासारखं नाही. घर म्हणजे एकच खोली. त्यात कल्याणने आणलेली उंच खाट, आणि कोपऱ्यात त्यानेच बांधून घेतलेला कमोडचा संडास. संडासाच्या दाराशी बसून भाकरी कोण सोडणार? त्या पिढीच्या बायका तर नाहीच. एकीनेही आत नजर टाकली नाही.

"बसा तिकडं," मग तीच म्हणाली. "मी कुठं पळून चालले का?"

सूप कमरेवर, पोतं बगलेत, अशा त्या एकामागून एक कोपऱ्यावरून वळल्या. थोड्या वेळाने तिकडून हसण्याचा आवाज आला. शब्द मात्र ऐकू आले नाहीत.

संगमनेरातल्या त्या गल्लीत दगडाबाई लग्न होऊन आली तेव्हाही तो ओटा जुनाच होता. काळ्या दगडाचा, घराच्या पूर्ण रुंदीचा, दोन पायऱ्या चढून वर यावं असा. दुपार झाली की त्यावर सावली यायची आणि सावलीबरोबर बायका यायच्या. कारखान्यातून आणलेली टेंभुर्णीची पानं ओल्या फडक्यातून निघायची, कात्र्या चालायच्या, आणि मग पाच-सहाजणींची बोटं आणि जिभा एकाच वेगाने सुरू व्हायच्या. ओट्याच्या कडेला कात्र्या घासून घासून खाचा पडल्या होत्या. कुणाची सासू कशी, कुणाचा नवरा कुठे, कुणाच्या पोरीला स्थळ आलं, सगळ्या गल्लीचा कारभार त्या ओट्यावर चालायचा. दगडाबाईचा नवरा पुंजाराम मार्केटात हमाल होता. तो गेला तेव्हा ती बारा दिवस रडली, आणि तेराव्या दिवशी मुबारकबीने तिच्या मांडीवर सूप आणून ठेवलं. कल्याण शिकला, चाकणला कंपनीत लागला, त्याचं लग्न झालं, तो तिकडेच राहिला. दगडाबाईला एकटी आहेस असं कुणी म्हटलं असतं तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं. दिवसभर पाच बायका घरी असलेल्या बाईला एकटं राहायला सवड कुठून?

मग चैत्रात ती न्हाणीत पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि कल्याण तिला चाकणला घेऊन गेला.

फ्लॅट चांगला होता. चौथा मजला, लिफ्ट, गुळगुळीत फरशी. सून कामाला जायची, कल्याणही कामाला जायचा, नात शाळेत. दगडाबाई गॅलरीत बसून खालच्या गाड्या बघायची. समोरच्या फ्लॅटचं दार सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा वाजायचं, तेवढीच काय ती शेजाऱ्यांशी ओळख. सुनेने काही कमी केलं नाही, उगाच कशाला खोटं बोलायचं? पण पावसाळा निम्मा सरला तशी दगडाबाईची बोटं रिकामीच हलायला लागली. झोपेतही ती विडी वळायची. कल्याणने ते पाहिलं.

"मला घरी ने," ती म्हणाली.

"आई, तिथे कशी राहशील? त्या पायऱ्या, ती न्हाणी, तो गल्लीच्या टोकाचा संडास."

"कशीबी राहीन."

"कशीबी नाही. घर तुझ्या सोयीचं करून घेऊ, मग ने म्हण."

कल्याण शब्दाचा पक्का. मोबाईलवर त्याने म्हाताऱ्या माणसांची घरं कशी असावीत याचे नाही नाही ते व्हिडिओ पाहिले. संडासाशेजारी धरायला दांडा, अंघोळीला बसायला स्टूल, चौकटीचा उंबरा काढून टाकायचा, आणि पायऱ्यांच्या जागी रॅम्प. गल्लीतल्याच श्रीमंत नावाच्या गवंड्याला त्याने काम दिलं. आणि एके दिवशी श्रीमंतचा फोन आला, तो दगडाबाईनेच घेतला.

"मावशे, एक इचारायचं हुतं. उतार सरळ काढला तर पार गल्लीच्या मधी जातोय, गाड्या कशा जातील? भिंतीकडेनं आडवा काढावा लागंल. पन मंग ओटा काढावा लागतोय सगळा. ठिवायचा का काढायचा?"

त्या क्षणी दगडाबाई चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत उभी होती, आणि तिला एकच गोष्ट दिसत होती, आपल्या घराचं दार.

"काढ रे बाबा," ती म्हणाली. "काय काढायचं ते काढ. पन लवकर कर."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण माणूस घराच्या ओढीने आंधळं झालेलं असलं की त्याला कोण सांगणार? श्रीमंतनेही पुन्हा विचारलं नाही. जुने दगड त्याने नदीकडच्या कुणाच्या कुंपणाला देऊन टाकले.

गणपती गेल्यावर ती परत आली तेव्हा सगळी गल्ली उतार बघायला जमली होती. दगडाबाई वॉकर टेकत, कुणाचा हात न धरता, स्वतःच्या पायाने दारापर्यंत चढून गेली. कल्याणने त्याचा व्हिडिओ काढला आणि कंपनीतल्या दोस्तांना पाठवला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिच्याही आलं.

रुपालीचे दोन दिवस सरले. मग आठवडा सरला. त्यानंतर दोन दिवस हा शब्द कुणी काढला नाही. रुपालीचा ओटा तसा राजेशाही होता. तिच्या सासऱ्याने मागे पुराच्या धसक्याने जोतं चांगलं कमरेएवढं उंच घेतलं होतं, वर पत्रा होता, भिंतीत मोबाईल लावायला बटण होतं. बायकांना तिथे बरं वाटायला लागलं, यात त्यांचा काय दोष?

खरं सांगायचं तर उताराचा सगळ्यात जास्त उपयोग मुबारकबीच्या शेळीला झाला. ती दुपारी येऊन उताराच्या मध्यावर ऐटीत बसायची आणि रवंथ करत दगडाबाईकडे बघायची. दगडाबाई तिला हाकलायची नाही. दारात कुणीतरी बसलेलं असणं तिला हवंच होतं.

मुबारकबी सकाळी यायची. दगडाबाईने आदल्या दिवशी वळलेल्या विड्या कारखान्यात नेऊन द्यायला, आणि तिच्या वाटणीची पानं-तंबाखू आणून द्यायला. आली की उभ्या उभ्या बोलायची.

"जेवलीस का रात्री?"

"जेवले की."

"काय खाल्लं?"

"भाकर."

"भाकर तर खाल्लीच असंल, कशासंगं?"

आणि दगडाबाईला सांगायला एवढं काही सुचायच्या आत मुबारकबीला उशीर झालेला असायचा. तिला घरी दोन नातू होते, लेक तौफिक रिक्षावर गेला की पोरांचं सगळं तिच्यावरच. ती भराभर उतरून जायची आणि दगडाबाई त्या उतारावरची तिची पाठ बघत राहायची.

दुपार लांबच लांब व्हायची. आधी एकटं असताना माणूस आपल्याशीच बोलतं, मग तेही बंद होतं. दगडाबाई विडी वळायची, धागा बांधायची, पंचवीस झाल्या की जुडी बांधून कट्टा बाजूला ठेवायची. कोपऱ्यापलीकडून हसणं आलं की हात थांबवून ऐकायची. मुबारकबीचं हसणं वेगळं ओळखू यायचं, खोकल्यासारखं. आपल्या नावाने हसल्या असतील का, असं कधी वाटायचं. मग वाटायचं, हसल्या असत्या तर बरंच झालं असतं.

कल्याणचा फोन रोज संध्याकाळी यायचा.

"कशी आहेस?"

"झ्याक."

"बायका आल्या होत्या?"

"आत्ताच गेल्या. लई हसिवलं मुबारकनं."

खोटं बोलताना तिची जीभ अडखळायची नाही, कारण तिने ते खोटं दिवसभर ऐकलेलं असायचं. दुसरं काय करणार? लेकाने पोटाला चिमटा घेऊन, रजा टाकून, एवढ्या मायेने घर बांधलं. त्याला काय सांगायचं, तुझ्या उताराने माझी माणसं गेली म्हणून? आपलेच दात, आपलेच ओठ. आणि एकदा का तिने करमत नाही म्हटलं, की तो गाडी घेऊन दारात उभा राहणार आणि पुन्हा चौथा मजला. या खेपेला कायमचा. घराला भाडेकरू बघायचं तर सुनेने एकदा बोलूनही दाखवलं होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कल्याण न सांगता आला. भर दुपारी. दारात आई, उतारावर शेळी.

"बायका कुठायत?"

"आज तिकडं बसल्यात. रुपालीकडं."

"आजच?"

दगडाबाईने पान कापायला घेतलं. कल्याणने शेळीला बाजूला सारलं. त्याला काय कळलं आणि काय नाही, कोण जाणे. मग तो एकदम उत्साहाने म्हणाला, "मग तू इथे काय करतेस? चल की तिकडे. त्यासाठीच तर रॅम्प केलाय."

तो तिला घेऊन निघाला. उतार ती सरसर उतरली. गल्ली ओलांडली, कोपऱ्यावरून वळली. आणि दोघंही रुपालीच्या ओट्यापाशी येऊन थांबले. पायऱ्या उंच होत्या, अरुंद होत्या, कडेला धरायला काही नव्हतं. वर बायका गोल करून बसल्या होत्या, गुडघ्याला गुडघा लावून. त्या गोलात कुठे फट नव्हती. दगडाबाईवाचून तो गोल पुरा झाला होता.

"अगं बया, मावशी!" रुपाली ओरडली. "आली का? ये, ये!"

ये म्हणणं सोपं होतं. कल्याणने पायऱ्यांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग त्याने वॉकर भिंतीला टेकवला, वाकला, आणि लहान पोराला उचलावं तसं आईला दोन्ही हातांवर उचलून वर नेलं. दगडाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं, लेकाच्या छातीशी इतक्या जवळ ती कित्येक वर्षांत आली नव्हती.

ती दुपार मात्र काय दुपार होती! रुपालीने घरातून आणून दिलेल्या खुर्चीत बसलेल्या दगडाबाईच्या अंगावर सहा महिन्यांच्या बातम्या येऊन आदळल्या. कुणाच्या सुनेने वेगळी चूल मांडली, कुणाचा पोरगा जामखेडच्या पोरीशी लग्न करून आला, मुबारकबीच्या लेकीच्या पोरीला, इन्शाला, कॉलेजात बक्षीस मिळालं. दगडाबाई बोलत होती, हसत होती, बोटं आपोआप चालत होती. चहा आला. तिने बशीत ओतला, आणि तेवढ्यात कल्याण म्हणाला, "आई, चल. मला निघायला हवं, नाईट शिफ्ट आहे."

तो गेल्यावर तिला कोण उतरवणार होतं? बशीतला चहा तिने घाईने घोटला, तोंड पोळलं. त्याने तिला पुन्हा उचललं, खाली आणलं, घरी सोडलं, पाया पडून गेला.

"रोज येत जा, आमी उचलू," बायका म्हणाल्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशी खरंच आल्या. चौघीजणींनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर चढवायला घेतलं. मधल्या पायरीवर खुर्चीचा पाय वाकला, मुबारकबीच्या कमरेत लचक भरली, आणि दगडाबाईच्या खुब्यातून अशी कळ गेली की तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तोंडातून तिने हूं की चूं केलं नाही. संध्याकाळी तिला खाली आणेपर्यंत सगळ्यांचं काम बुडालं ते बुडालंच. तिसऱ्या दिवशी त्या पुन्हा न्यायला आल्या तेव्हा ती म्हणाली, "आज अंग मोडून आल्यागत झालंय. तुमी बसा." त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव आला. तिला तो दिसला. राग नाही आला तिला. त्यांच्या जागी ती असती तर तीही सुटलीच असती.

दिवाळी आली आणि गेली. गल्लीत थंडी उतरली. दगडाबाई आता दार ओढूनच घ्यायची, कारण उघड्या दारातून फक्त वारा यायचा. एका दुपारी तिने बांधलेला कट्टा हातात घेतला आणि तिच्या लक्षात आलं की सकाळपासून आपण एकही शब्द बोललेलो नाही. मुबारकबी कमरेमुळे आली नव्हती. दगडाबाईने घसा खाकरून पाहिला. आवाज निघाला, पण तो तिला आपला वाटला नाही. ती घाबरली. पडल्यावर घाबरली नव्हती, ऑपरेशनला घाबरली नव्हती, तेवढी घाबरली.

तिने फोन उचलला.

"कल्याण, रागवू नको बाळा."

"काय झालं? पडलीस का?" मागे मशीनचा धडधडाट होता.

"न्हाई. मी खोटं बोलत हुते तुझ्यासंगं. बायका येत न्हाईत. मी आल्यापासनंच येत न्हाईत. बसायला जागाच न्हाई रे त्यांना."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"घर लई चांगलं केलंस तू. दांडे, संडास, समदं सोन्यावानी हाय. उतार बी चांगला. पन त्याच्यावरनं मी एकटीच उतरते आन् एकटीच चढते. मला कुठं जायचंय सांग? माझ्याकडं कुनी यायला पायजे."

"मग इकडे चल, आई."

"तिकडं सांजंला तू असतोस. दिसभराचं काय?" तिने श्वास घेतला. "श्रीमंताला सांग, उतार काढून ओटा घाल. पहिल्यावानी."

"वेड लागलंय का तुला? खाली कशी उतरशील?"

"न्हाई उतरायची."

"आणि दवाखान्यात न्यायचं झालं तर?"

"चौघी उचलतील."

"उचलताना काय झालं ते सांगितलंय मला रुपालीने. नाही उचललं तर?"

"मंग चौघं उचलतीलच की. त्यांना कुठं उतार लागतोय?"

दगडाबाईला वाटलं होतं तो हसेल. तो हसला नाही. मग "बघतो" म्हणून त्याने फोन ठेवला.

दोन दिवसांनी सकाळी श्रीमंत आला. खांद्यावर घण, हातात छिन्नी.

"कल्याणचा फोन आलता. म्हनला, आई सांगंल तसं कर. पुढचं काय बोललाच न्हाई." त्याने घण खाली ठेवला. "मावशे, मी हातानं केलेलं काम हाय. पुन्ना इचार कर. एकदा का हे फोडलं तर तू आत ती आतच."

"कळतंय मला."

"उतार अरुंद करून कडंला बारका ओटा घालू का? तिथं दोघी बसतील."

"दोघींत काय मजा?"

श्रीमंतने कपाळ पुसलं आणि घण उचलला. तो मारणार एवढ्यात दगडाबाई म्हणाली, "थांब. येते मी जरा."

तिने पदर सारखा केला, वॉकर पुढे टाकला आणि उतारावरून खाली गेली. घाई नव्हती. गल्लीच्या दोन्ही बाजूंना बघत चालली. कुणी दाराला नवा रंग दिला होता, कुणाच्या तुळशीला मंजिऱ्या आल्या होत्या. कोपऱ्यावर रुपालीच्या ओट्यावरून हाक आली, "कुठं चाललीस गं मावशी?"

"हितंच. फिरून येते."

ती पार रस्त्यापर्यंत गेली. पुढे घाटाकडे वळली आणि कठड्यापाशी उभी राहिली. प्रवरेला धरणातून सोडलेल्या आवर्तनाचं पाणी आलं होतं, गढूळ आणि भरून वाहणारं. पलीकडच्या काठावर कुणी गोधड्या धूत होतं. दगडाबाई बघत राहिली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. ऊन पाठीवर चांगलं लागत होतं. परत येताना दुकानातून तिने दुधाची पिशवी घेतली, स्वतःच्या हाताने निवडून, आणि वॉकरला अडकवून आणली. दुकानदाराला म्हणाली, "उद्यापास्नं घरी पाठवीत जा."

दारापाशी श्रीमंत तसाच बसला होता. ती उतार चढली. मध्यावर एकदा कठड्याला धरून थांबली, दम खाल्ला, आणि वर आली. वॉकर आत घेतला, मिटून खाटेच्या मागे सरकवला, आणि भिंतीला धरून खुर्चीत बसली.

"हं," ती म्हणाली. "फोड."

पहिला घाव बसला तसं कोपऱ्यापलीकडचं बोलणं थांबलं. दुसऱ्या-तिसऱ्या घावाला बायका धावत आल्या, कुणाच्या हातात कात्री, कुणाच्या पदराला पानं चिकटलेली. मुबारकबी कमरेवर हात ठेवून सगळ्यांच्या मागून आली. फुटलेल्या सिमेंटचा एक तुकडा तिने पायाने बाजूला सारला.

"दगडे," ती म्हणाली, "हे गं काय केलंस? आता तू खाली कशी येणार?"

श्रीमंतचा घण थांबला. रुपालीने तोंडाला पदर लावला. दगडाबाईने मांडीवर सूप ओढून घेतलं आणि पान हातात धरलं.

"चार दिस वल्लं राहील," ती म्हणाली. "पाचव्या दिशी या."